डंपरचालकाचा मणका आणि चुंबकाने घट्ट होणारं तेल: खाणीतला हादरा अडवता येतो का?

शॉवेलची पहिली बादली रिकाम्या डंपरमध्ये पडते, तेव्हाचा दणका सगळ्यात मोठा असतो. कित्येक टन दगडमाती काही फुटांवरून थेट लोखंडी हौद्यावर आदळते आणि केबिनमधला चालक जागच्या जागी उसळतो. पुढच्या बादल्या आधीच्या मालावर पडतात, त्यामुळे त्यांचा दणका कमी लागतो. मग भरलेला डंपर खाणीतून वर चढतो, ढिगाऱ्यावर रिकामा होतो आणि खडखडत परत येतो. पाळी संपेपर्यंत हेच चक्र चालू राहतं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यातलं माजरी हे गाव याच कामासाठी ओळखलं जातं. वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा पट्टा. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावरचं जंक्शन, तिथून वणीकडे फुटणारा मार्ग आणि आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या माजरी क्षेत्रातल्या खाणी. इथल्या कोळशाबद्दल, धुळीबद्दल आणि पुनर्वसनाबद्दल बरंच लिहिलं जातं. डंपरमध्ये वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाच्या कंबरेबद्दल फारसं लिहिलं जात नाही.

तो प्रश्न आता पुन्हा विचारण्याचं एक कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९५२ च्या खाण कायद्याची जागा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेने घेतली. ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल, असं सरकारने जाहीर केलं. तपासणीत जे शोधलं जाईल तेच सापडेल, हे उघड आहे. आणि दुसरीकडे, हादरा शोषून घेण्याचं तंत्रज्ञान गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार पुढे गेलं आहे. चुंबकाजवळ नेताच लोण्यासारखं घट्ट होणारं तेल आता मोटारींत, पुलांवर आणि इमारतींत वापरलं जातं. मग ते डंपरच्या सीटखाली का नको?

हादऱ्याने शरीरात नेमकं काय होतं?

प्रत्येक वस्तूची आपली अशी एक डोलण्याची गती असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो. लय चुकवून जोर लावला तरी फारसा हलत नाही. बसलेल्या माणसाच्या पाठीच्या कण्याची उभ्या दिशेतली ही लय साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा, म्हणजे ४ ते ६ हर्ट्झ असते. खालून येणारं कंपन या पट्ट्यात असेल तर शरीर ते शोषून घेत नाही, उलट वाढवतं. मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब पडतो, सुटतो, पुन्हा पडतो. पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. एका दिवसात काही बिघडत नाही. दहा-पंधरा वर्षांनी बिघडतं, आणि तोवर माणूस चाळिशीत आलेला असतो, त्यामुळे ‘वय झालं’ हे कारण तयारच असतं.

असं कंपन मोजण्याची जागतिक पद्धत ठरलेली आहे. आयएसओ २६३१ हे मानक त्यासाठी वापरतात. रबराची, जेवणाच्या ताटाएवढी एक चकती सीटवर ठेवायची, तिच्यात संवेदक असतो, चालकाने तिच्यावर बसून नेहमीसारखं काम करायचं. युरोपीय संघाने २००२ मध्ये केलेल्या नियमानुसार आठ तासांच्या कामात हे कंपन सरासरी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला पोहोचलं की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या वर ते कधीच जाऊ द्यायचं नाही.

आपल्याकडे याचा अभ्यास झालाच नाही असं नाही. तो तर जवळच, नागपुरात झाला. राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी भारतीय खाणींतल्या डंपर, डोझर, लोडर अशा यंत्रांवरचं कंपन मोजलं आणि चालकांच्या दुखण्यांची नोंद केली. डंपरचालकांवरचा त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीची तक्रार बहुतेक चालकांनी केली होती. ज्यांच्या कामात असं कंपन नव्हतं त्या कामगारांमध्ये हे प्रमाण खूपच कमी होतं. पुढे २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही संस्था अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय घेतला.

साधा शॉकअप कुठे कमी पडतो?

शॉक ॲब्झॉर्बर, म्हणजे आपल्या बोलीतला शॉकअप, तेलावर चालतो. नळीत तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं. धक्का बसला की तेल त्या छिद्रांतून जोराने जातं, घर्षण होतं आणि धक्क्यातली ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. छिद्रं केवढी ठेवायची हे कारखान्यातच ठरतं, आणि अडचण तिथेच आहे. छिद्रं मोठी ठेवली तर सीट मऊ राहते; लहान खडखडाट छान गिळते, पण मोठा खड्डा आला की खालपर्यंत जाऊन आपटते. हे आपटणं सीटला स्प्रिंग नसण्यापेक्षाही वाईट. छिद्रं लहान ठेवली तर सीट आपटत नाही, पण दिवसभर खडखडाट पाठीत भरत राहतो.

त्यात डंपरचं कंपन मुख्यतः फार सावकाश असतं, सेकंदाला एक ते तीन-चार हेलकावे. साध्या स्प्रिंगच्या सीटची स्वतःची लयही साधारण तिथेच कुठेतरी असते. त्यामुळे मोटारीत आरामदायी वाटणारी सीट डंपरमध्ये कधीकधी हादरा कमी करण्याऐवजी वाढवते. बऱ्याच सीटना चालकाच्या वजनानुसार फिरवायचा खटका असतो. तीन पाळ्यांत तीन वेगवेगळ्या वजनांची माणसं एकाच डंपरवर बसतात; तो खटका प्रत्येक पाळीत कोणी फिरवतं का, हे कोणत्याही खाणीच्या फाटकावर विचारून बघण्यासारखं आहे.

चुंबकाने घट्ट होणारं तेल

समजा, छिद्राचा आकार तोच ठेवून तेलच क्षणात पातळ किंवा घट्ट करता आलं तर? ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी ती प्रत्यक्षात आणली. साध्या तेलात लोखंडाची अतिशय बारीक पूड मिसळायची. कण काही मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक. एकूण आकारमानाच्या २० ते ४० टक्के लोखंड. जवळ चुंबक नसताना हे मिश्रण जाडसर तेलासारखं वाहतं. चुंबकीय क्षेत्र लावलं की लोखंडाचे कण एकमेकांना चिकटून साखळ्या बनवतात, आणि त्या साखळ्या तोडल्याशिवाय तेल वाहू शकत नाही. क्षेत्र काढलं की पुन्हा पातळ. हा बदल काही मिलिसेकंदांत होतो. याला मॅग्नेटोरिऑलॉजिकल किंवा थोडक्यात एमआर द्रव म्हणतात.

त्याच काळात विलिस विन्स्लो यांनी विजेच्या क्षेत्राने घट्ट होणारा द्रव शोधला होता. पण त्याला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि त्याची ताकद एमआर द्रवाच्या तुलनेत फारच कमी. एमआर द्रवासाठी दट्ट्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि गाडीच्या बॅटरीची वीज पुरते. म्हणून बाजारात टिकला तो एमआर.

तरीही मधली चाळीसेक वर्षं हा शोध पडूनच होता, कारण दट्ट्याला दर क्षणी ‘आता घट्ट हो, आता सैल हो’ असं सांगणारा स्वस्त मेंदू नव्हता. लहान संगणकी चिप स्वस्त झाल्या आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉर्ड कंपनीने हा द्रव बाजारात आणला. त्याचा सुरुवातीचा एक मोठा वापर कुठे झाला? लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांच्या सीटखाली. मोटारीत तो नंतर आला, २००२ च्या कॅडिलॅकमध्ये. २००१ मध्ये टोकियोच्या विज्ञान संग्रहालयाच्या इमारतीत भूकंपासाठी ३० टनांचे एमआर डॅम्पर बसवले गेले, आणि त्यानंतर चीनमधल्या दोंगतिंग सरोवरावरच्या पुलाच्या केबल वाऱ्याने थरथरू नयेत म्हणून.

सीटमध्ये तो असा काम करतो. सीट किती खाली गेली आणि किती वेगाने जाते आहे, हे संवेदक सांगतो. लहान खडखडाट असेल तर वेटोळ्यात वीज सोडली जात नाही, तेल पातळ राहतं, सीट मऊ. सीट तळाकडे वेगाने निघाली की वीज सोडली जाते, तेल घट्ट होतं आणि आपटण्याआधीच ती थांबते. चालकाच्या वजनाचा खटकाही फिरवावा लागत नाही. वीज गेलीच तर तो साधा, थोडा मऊ शॉकअप म्हणून काम करत राहतो. जड यंत्रांसाठी हा गुण फार महत्त्वाचा आहे.

भारतातही यावर काम चालतं. कर्नाटकातल्या सुरतकलच्या एनआयटीमध्ये एमआर डॅम्परवर बरीच वर्षं संशोधन सुरू आहे. मुंबईच्या आयआयटीत इमारती आणि पुलांना भूकंपापासून वाचवण्यासाठी अशा डॅम्परचा अभ्यास झाला आहे.

सगळे हादरे सारखे नसतात

‘हादरा शोषणारी सामग्री’ म्हटलं की त्यात आणखी एक मंडळी येते. घरात करून बघता येईल असं तिचं उदाहरण: मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, थोड्या पाण्यात कालवायचं. बोट सावकाश घातलं तर आत जातं, बुक्की मारली तर हाताला दगड लागतो. चुंबक नको, वीज नको. धक्क्याच्या वेगानेच हा द्रव घट्ट होतो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या नॉर्मन वॅग्नर यांच्या गटाने तिथल्या लष्करी प्रयोगशाळेबरोबर सिलिकाचे कण असलेला असाच द्रव केव्हलारच्या कापडात मुरवून दाखवला. जाकिटाचे थर कमी करूनही ते तेवढंच संरक्षण देऊ शकेल, ही अपेक्षा होती. मोटारसायकलस्वारांच्या गुडघ्या-कोपरांवरच्या काही पॅडमध्येही हेच तत्त्व असतं.

पण असा द्रव एकाच मोठ्या आघातासाठी चांगला. शेजारच्या गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात खासगी वाहनातून जाणारे १५ पोलीस जवान आणि वाहनचालक मारले गेले. तसल्या स्फोटात वाहनाचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असला तर स्फोटाचा जोर बाजूला वळतो, आणि सीट छताला टांगून तिच्या आधारात चेपत जाणारा धातूचा भाग ठेवला तर उरलेला झटका तो भाग स्वतः चेपून घेतो. एकदा वापरला की फेकायचा. तिथे हुशार द्रवाची गरजच नसते, चेपणारं साधं लोखंड पुरेसं असतं. डंपरच्या चालकाचं उलट आहे. त्याच्या वाट्याला येणारे धक्के लहान, पण एका पाळीत हजारो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकेच. म्हणूनच त्याला दर क्षणी बदलणारा द्रव उपयोगी.

मग अडतं कुठे?

काही अडचणी द्रवाच्याच आहेत. लोखंड तेलापेक्षा कित्येक पट जड, त्यामुळे गाडी बराच काळ उभी राहिली की ते तळाशी बसतं. सतत घट्ट-सैल होऊन काही द्रव कालांतराने चिखलासारखे जाड होतात. लोखंडाची पूड रबरी सील घासून काढते. उलट उन्हाची भीती तेवढी नाही. चंद्रपुरात पारा ४७ अंशांवर जाणं नवीन नाही, पण एमआर द्रव त्याहून बराच तापला तरी चुंबकाला देतो तो प्रतिसाद फारसा बदलत नाही. खरा शत्रू धूळ. आणि हे तेल साध्या हायड्रॉलिक तेलाच्या कित्येक पट महाग.

पण किमतीचं कारण पूर्ण खरं वाटत नाही. कोट्यवधींच्या डंपरमध्ये सीटची किंमत ती केवढी! पैसे खर्च करणारा आणि हादरा सोसणारा वेगळा आहे, हे जास्त खरं कारण. कोळशावरची दगडमाती काढण्याचं बरंचसं काम कोल इंडियाच्या कंपन्या खासगी कंत्राटदारांना देतात आणि मोबदला घनमीटरच्या हिशेबाने ठरतो. त्या कामावर मोठ्या डंपरऐवजी बऱ्याचदा पाट्यांवर चालणारे टिपर असतात. हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शनचा, म्हणजे नायट्रोजन वायू आणि तेलावर चालणारा शंभर टनी डंपर कुठे आणि पाट्यांचा टिपर कुठे! जितक्या फेऱ्या जास्त तितकी कमाई, आणि वेग वाढला की हादरा वाढतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. उद्या प्रत्येक डंपरमध्ये एमआर सीट बसवली तरी तो पहिला उपाय नसेल. पहिला उपाय रस्ता. खाणीतला रस्ता ग्रेडरने नियमित सपाट केला, पडलेले दगड उचलले, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल काढून त्यावर मुरूम-गिट्टी टाकली, तर हादरा उगमापाशीच कमी होतो. शॉवेल चालवणाऱ्याने पहिली बादली बारीक मालाची आणि खालून सोडली की तिची गादी होते आणि पुढचे मोठे दगड त्यावर पडतात. हौद्याला आतून रबराचं अस्तर लावता येतं. यातल्या एकालाही संगणक लागत नाही. प्रयोगशाळेतला द्रव या सगळ्यानंतर उरलेला हादरा शोषण्यासाठी आहे; खड्ड्यांचा रस्ता तसाच ठेवून सीट हुशार केली तर ती बिचारी दिवसभर तळाशी झुंजत बसेल.

मोजलं जात नाही ते दुखणं

२००७ मध्ये दिल्लीत झालेल्या दहाव्या राष्ट्रीय खाण सुरक्षा परिषदेने शिफारस केली होती की कोणतंही यंत्र खाणीत आणण्यापूर्वी त्याचं कंपन आयएसओ मानकानुसार तपासावं. ही शिफारस होती. चालकाने दिवसभरात किती कंपन सोसावं याची कायद्याने बंधनकारक मर्यादा, युरोपात आहे तशी, भारतात नाही.

नव्या संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवणं सक्तीच्या असलेल्या व्यावसायिक आजारांची यादी आहे. कोळसा कामगारांच्या फुफ्फुसांचा आजार त्यात आहे, सिलिकोसिस आहे, आवाजामुळे येणारा बहिरेपणाही आहे. कंपनामुळे होणारा मणक्याचा आजार नाही. खाणकामगारांच्या आरोग्य तपासणीचा भरही आजवर छातीचा एक्स-रे, फुफ्फुसांची क्षमता आणि ऐकणं यांवरच राहिला. जर्मनीत मात्र बसून वर्षानुवर्षं उभं कंपन सोसल्यामुळे होणारा कंबरेच्या चकतीचा आजार १९९३ पासून व्यावसायिक आजार मानला जातो. नोकरीमुळे झालं की वयामुळे, हा वाद तिथेही होतोच. पण तो मिटवण्यासाठी चालकाने किती वर्षं, कोणत्या यंत्रावर, किती कंपन सोसलं याचा हिशेब मांडावा लागतो. साहजिकच कंपनी ते मोजते, आणि मोजलं की सीट बदलणं भरपाई देण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे तिच्याही लक्षात येतं.

मोजल्याने काय फरक पडतो हे बघायला जर्मनीपर्यंत जायचीही गरज नाही. माजरीच्याच पट्ट्यात दुसऱ्या एका हादऱ्याची मर्यादा कागदावर आहे. खाणीत सुरुंग उडाला की जमीन थरथरते, आणि घरांना तडे जातात ही कोळसा पट्ट्यातल्या गावांची जुनी तक्रार. या हादऱ्यावर कोणताही हुशार द्रव चालत नाही. तिथे एका क्षणी किती बारूद उडते हेच कमी करावं लागतं. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरने प्रत्येक छिद्र काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवता येतं आणि तेवढ्याने जमिनीची थरथर उतरते.

खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने याची मर्यादा घालून दिली. खाणीच्या मालकीचं नसलेल्या साध्या घरापाशी, कंपन ८ हर्ट्झपेक्षा सावकाश असेल तर जमिनीचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या आत हवा. ८ ते २५ हर्ट्झमध्ये १० आणि त्यापुढे १५. भद्रावतीच्या विजासन लेण्यांसारख्या ऐतिहासिक वास्तूंपाशी सावकाश कंपनासाठी ही मर्यादा फक्त २ मिलिमीटर आहे. सावकाश कंपनासाठी नियम कडक, कारण घराची स्वतःची डोलण्याची लय साधारण त्याच पट्ट्यात असते. म्हणजे जे मणक्याचं, तेच भिंतीचं.

भिंतीपाशी मोजणारं यंत्र ठेवलं जातं, त्याचे आकडे कागदावर येतात. वेकोलि सार्वजनिक कंपनी असल्याने ते माहिती अधिकारात मागता येतात. डंपरच्या सीटवर ठेवायच्या त्या रबरी चकतीचे आकडेही त्याच अर्जात मागता येतील, कोणी ते घेतले असतील तर.